शब्दांचे अवयव आणि कवितेचा संदेश

लहान मुलांस काव्याची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा म्हणून बाजूस ठेवण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे. शिक्षकांनीं त्याचा विचार करावा, पाठ्यपुस्तकें करणारांनीं त्याचा निकाल लावावा, आणि साहित्याला वाहिलेल्या मासिकांनीं मोठ्या माणसांसाठीं लिहिलेल्या मोठ्या ग्रंथांची चर्चा करावी, अशी ही कामाची वांटणी आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. मुलाच्या हातीं कविता देऊन आपण तिच्याविषयीं पहिला जो प्रश्न विचारतों, त्या एका प्रश्नांत कविता म्हणजे काय याविषयींचें आपलें सगळें मत सांठवलेलें असतें. तें मत मुळांतच वांकडें असेल, तर पुढें महाविद्यालयांत रसविचाराचीं कितीहि प्रकरणें वाचलीं तरी तें वांकडेपण निघत नाहीं. सबब हा प्रश्न प्रथम टीकाकाराचा आहे, मागाहून शिक्षकाचा.

आज माध्यमिक शाळेंतील विद्यार्थ्याला कवितेवर जे प्रश्न सोडवावे लागतात, त्यांचें स्वरूप बहुतेक पालकांस ठाऊक असेल. कवीचें नांव, कवितेचा विषय, मध्यवर्ती कल्पना, कवितेंतून मिळणारा संदेश, कविता आवडण्याचीं कारणें, अशीं घरें आंखून दिलेलीं असतात आणि प्रत्येक घरांत एक-दोन वाक्यें बसवावयाचीं असतात. व्याकरणाचा विभाग निराळा. उपसर्ग लागून झालेले शब्द, प्रत्यय लागून झालेले शब्द, समास, वृत्त, अलंकार हें सर्व तेथें. कविता आणि शब्दसिद्धि यांच्यामध्यें अशी भिंत उभारल्यावर जें व्हावयाचें तेंच होतें. भिंतीच्या एका अंगास शब्द आहेत, पण त्यांत जीव नाहीं. दुसऱ्या अंगास भावना आहेत, पण त्या कोणत्या शब्दांनीं जाग्या केल्या याचा पत्ता नाहीं. विद्यार्थी इकडे 'दुर्, सु, अति, अभि' घोकतो, आणि तिकडे 'या कवितेंतून निसर्गावर प्रेम करण्याचा संदेश मिळतो' हें एकच वाक्य दहा कवितांखालीं लिहितो. नवल असें कीं, दहाहि ठिकाणीं त्याला गुण मिळतात.

आमचें म्हणणें असें कीं, शब्दाचे अवयव हें कवितेंत शिरण्याचें मुलाला सर्वांत जवळचें दार आहे, आणि संदेश हें सर्वांत दूरचें. किंबहुना तें दारच नव्हे, परसांतली भिंत आहे. हें दाखविण्यासाठीं आम्ही एकाच जिल्ह्याचीं उदाहरणें घेणार आहों. अहमदनगर जिल्हा, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, तो साखरेसाठीं आणि दुष्काळासाठीं जितका प्रसिद्ध आहे तितका कवितेसाठीं नाहीं. तथापि मराठी कवितेच्या शिक्षणाचा विचार करणाराला याच्यासारखा दुसरा जिल्हा क्वचित् सांपडेल.

प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली असें परंपरा मानते. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो खांबहि तेथें दाखवितात. ग्रंथारंभीं गणेशाला वंदन करावें ही रीत जुनीच. परंतु ज्ञानेश्वरांनीं ज्याला वंदन केलें तो गणेश शाडूचा किंवा पाषाणाचा नव्हे, तो शब्दांचा आहे. संपूर्ण शब्दब्रह्म हीच त्याची मूर्ति. वर्ण हें त्याचें निर्दोष शरीर, स्मृति हे अवयव, अर्थाची शोभा हें त्या अवयवांचें लावण्य. अठरा पुराणें हीं रत्नांचीं भूषणें. सिद्धांत हीं त्यांतलीं रत्नें, आणि पदांची रचना हें त्या रत्नांचें कोंदण. शब्दांची सुंदर बांधणी हें त्याचें रंगीत वस्त्र. काव्यें आणि नाटकें या त्याच्या अंगावर रुणझुणणाऱ्या लहानग्या घंटा, आणि अर्थ हा त्या घंटांचा नाद. अखेरीस ओंकाराचेच तीन तुकडे करून अकार हे पाय, उकार हें पोट आणि मकार हें मस्तक, असें एका अक्षराचें विच्छेदन पूर्ण होतें.

हें रूपक पंडितांच्या सभेंत मांडलें असतें तर त्यांत विशेष कांहीं नव्हतें. परंतु ज्यांना गीतेचें संस्कृत परकें, अशा श्रोत्यांसाठीं सांगितलेल्या ग्रंथाच्या अगदीं उंबरठ्यावर तें आलें आहे. नवख्या मंडळींना वाङ्मयाची पहिली ओळख करून द्यावयाची आहे, आणि वक्ता आरंभ करतो तो वर्णांपासून, पदांपासून, शब्दाच्या अवयवांपासून! या ग्रंथाचा संदेश काय, हें तो पहिल्या ओवीला सांगत नाहीं. त्यासाठीं पुढें अठरा अध्याय आहेत.

या रूपकांतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचें लक्ष विशेष वेधूं इच्छितों. पहिली कोंदणाची. रत्न म्हणजे सिद्धांत, कोंदण म्हणजे पदरचना. आतां मध्यवर्ती कल्पना आणि संदेश लिहावयास सांगणें म्हणजे मुलाच्या हातांत चिमटा देऊन रत्न उचकटून काढावयास सांगण्यासारखें आहे. रत्न निघतें, नाहीं असें नाहीं. पण दागिना राहत नाहीं, आणि निघालेलें रत्न पुष्कळदां कांच ठरतें. याउलट कोंदण कसें बसविलें आहे हें पाहणाराला रत्न न काढतांहि दिसतें. दुसरी गोष्ट घंटांची. अर्थ हा घंटांचा नाद आहे असें म्हणतांच, मूर्ति हालल्याशिवाय अर्थ नाहीं, असें ओघानें येतें. कविता मोठ्यानें म्हटली पाहिजे, तालावर म्हटली पाहिजे, वर्गांत तिचा आवाज झाला पाहिजे, हा शिक्षणाचा पहिला नियम या एका उपमेंत येऊन गेला आहे. मूकवाचन करून रसग्रहण लिहिणें म्हणजे घुंगरूं पेटींत ठेवून त्यांच्या नादाचें वर्णन करण्यासारखें आहे.

अवयव पाहणें आणि मूर्ति फोडणें यांत अर्थात् फरक आहे, आणि तो फरक जुन्या शाळेला नेहमीं राखतां आला असें नाहीं. परशुरामपंत गोडबोले यांनीं १८५४ सालीं 'नवनीत' हा मराठी कवितेच्या वेंच्यांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनीं आपली जुनी कविता प्रथम पाहिली ती त्या ग्रंथांत. त्या काळच्या पद्धतींत अन्वय लावणें, पदें सोडविणें, समासाचा विग्रह करणें यांस फार मान होता. त्या पद्धतीला हंसण्याची आज चाल पडली आहे. आम्ही तींत सामील होणार नाहीं. मोरोपंतांची आर्या उलगडतांना मुलाला कोडें सुटल्याचा जो आनंद होई तो खरा होता, आणि 'मला कविता समजते' असें म्हणण्याचा अधिकार त्यानें कष्टानें मिळविलेला असे. दोष इतकाच कीं, सोडविलेलीं पदें पुन्हा ओळींत बसवून ती ओळ म्हणून पाहणें, ही शेवटची पायरी त्या पद्धतीच्या दृष्टीनें आवश्यक नव्हती. घड्याळ उघडून प्रत्येक चाक दाखविलें, त्याचें नांव सांगितलें, आणि किती वाजले हें मात्र पाहिलेंच नाहीं.

ही पायरी घातली म्हणजे काय होतें, तें नगरच्याच दोन कवींवरून पाहूं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) कोंकणांत जन्मले, पण त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग नगरास गेला. फुलांचे आणि मुलांचे कवि म्हणून त्यांची ख्याति आहे, आणि 'केवढें हें क्रौर्य!' ही त्यांची कविता महाराष्ट्रांतील अनेक पिढ्यांनीं शाळेंत पाठ केलेली आहे. जखमी झालेली एक पक्षीण पिलांच्या ओढीनें पडत-उठत घरट्याकडे परत येते, एवढाच विषय. आतां या कवितेखालीं 'मिळणारा संदेश' असें घर आंखलें कीं मुलगा लिहितो, 'मुक्या प्राण्यांना इजा करूं नये.' उत्तर बरोबर आहे. पण तें तर कवीनें शीर्षकांतच सांगून टाकलें होतें! बोध शीर्षकांत संपला. त्याच्या खालीं जें उरलें ती कविता. आणि तिच्याविषयीं मुलाला कोणीं कांहींच विचारिलें नाहीं.

विचारण्यासारखें काय होतें? एक तर शीर्षकांतलाच शब्द. क्रूर या शब्दापासून क्रूरपणा असाहि शब्द होतो; तो सोपा आहे, घरांत ऐकूं येतो. टिळकांनीं क्रौर्य घेतला. शूराचें शौर्य, चोराचें चौर्य, तसें क्रूराचें क्रौर्य: शेवटीं य लागतो आणि पहिला स्वर फुगतो. व्याकरणांत या फुगण्याला वृद्धि म्हणतात. मुलाला ही संज्ञा मागाहून सांगावी. आधीं त्याला दोन्ही शब्द मोठ्यानें उच्चारून पाहूं द्यावे. 'क्रूरपणा' हा शब्द पणा-शीं येतां येतां मवाळ होतो, एखाद्याच्या स्वभावाची तक्रार केल्यासारखा वाटतो. 'क्रौर्य' हा एकाच दणक्यांत पुरा होतो, आणि त्यांत कोणाच्या स्वभावाची गोष्ट राहत नाहीं. कृत्यच समोर उभें राहतें. दुसरी गोष्ट वृत्ताची. कविता पृथ्वी वृत्तांत आहे. चरणांत सतरा अक्षरें, गण ज स ज स य आणि मग लघु-गुरु. हें घोकून घेण्यांत अर्थ नाहीं. पण एक चरण टाळीवर म्हणून घेतला, तर लघूवर घसरून गुरूवर सावरणारी, पुन्हा दोन लघूंवर घसरून पुन्हा गुरूवर सावरणारी अशी एक ठेंचाळती चाल कानाला लागते. पक्षिणीचें पडणें-उठणें त्या चालींतच आहे. मोरोपंतांची 'केकावलि' याच वृत्तांत आहे. मोरानें देवाला घातलेल्या टाहोसाठीं जें वृत्त योजलें होतें, तें टिळकांनीं घायाळ पक्षिणीला दिलें, हें त्यांनीं जाणून केलें कीं सहज झालें कोण जाणे. पण वरच्या वर्गांतील मुलांस हा योगायोग दाखविला तर वृत्त म्हणजे केवळ अक्षरांची मोजणी नव्हे, त्यालाहि पूर्वस्मृति असते, हें त्यांना न सांगतां कळेल.

दुसरे कवि बालकवि. त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) हे मूळचे खानदेशचे. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्यांना 'बालकवि' ही पदवी मिळाली, आणि पुढें कांहीं काळ ते टिळकांच्या नगरच्या घरीं घरच्यासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें'त त्यांच्या त्या वास्तव्याचें वर्णन आहे, तें मूळांतूनच वाचावें. बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता शाळेच्या कामाला फार सोयीची, कारण ती लहान आहे आणि वरून अगदीं सोपी दिसते. झरा, टेकडी, चिमुकलें गांव, शेतें, पायवाट, डोह, आणि शेवटीं पाण्यांत पाय सोडून बसलेलें झाड. या कवितेचा संदेश काय? असा प्रश्न विचारल्यास शिक्षकाचीच धांदल उडते, आणि शेवटीं निसर्गप्रेमाचें तें ठराविक वाक्य धांवून येतें. मोठे टीकाकारहि या झाडाच्या उदासपणाविषयीं आणि विरक्तीविषयीं बरेंच लिहून गेले आहेत. तें चौदा वर्षांच्या मुलाला आयतें देणें म्हणजे त्याच्या तोंडांत दुसऱ्याचा घांस कोंबणें होय.

त्याला रंग मोजावयास सांगा. आठ ओळींत हिरवा रंग पुन्हा पुन्हा येतो, झऱ्याचा रंग निळा आणि सांवळा यांचा मिळून एक शब्द झाला आहे, पायवाट पांढरी, आणि ती वाट जाते तो डोह काळा. कविता हिरव्यापासून निघून काळ्यापाशीं पोंचते, हें मुलाला स्वतःच दिसतें, आणि दिसलें म्हणजे तें थोडें गप्प होतें. येथपर्यंत काळा हें डोहाचें विशेषण आहे. परंतु पुढच्याच ओळींत कवि विशेषण सोडून नाम घेतो. तो शब्द म्हणजे 'काळिमा'. लाल आणि लालिमा, रक्त आणि रक्तिमा, तसें काळा आणि काळिमा. इमा हा प्रत्यय लागला, आणि रंग हा वस्तूचा गुण राहिला नाहीं, तो स्वतःच वस्तु झाला. आतां तो पसरूं शकतो, लाटांवर हातपाय ताणूं शकतो. जें काम एखाद्या कवीनें चार उत्प्रेक्षा करून केलें असतें, तें येथें एका प्रत्ययानें केलें आहे.

अजून एक गंमत आहे. काळिमा हा शब्द मुलानें कोठें ऐकलेला असतो? 'कुळाच्या नांवाला काळिमा फांसला', अशा वाक्यांत. म्हणजे बेअब्रू, डाग. आणि या शब्दाला बालकवींनीं विशेषण लावलें आहे तें 'गोड' हें! रंगाला चव दिली, आणि तीहि अपकीर्तीच्या शब्दाला. मुलास विचारावें कीं, येथें 'काळोख' हा शब्द घातला तर काय बिघडेल? हुशार मुलगा म्हणेल, वृत्त बिघडेल. मोजून पाहा म्हणावें. काळिमा या शब्दाच्या मात्रा पांच, काळोखाच्याहि पांच. वृत्ताची अडचण नव्हती, कवीपुढें दोन्ही शब्द मोकळे होते. मग त्यानें हा कां घेतला? या प्रश्नाचें एकच बरोबर उत्तर नाहीं, आणि तें आम्हांलाहि एका वाक्यांत देतां येणार नाहीं. परंतु ज्या मुलानें या प्रश्नाशीं पांच मिनिटें झटापट केली, त्याला त्या झाडाच्या बसण्यांत सुख आहे कीं दुःख, हा प्रश्न आपोआप पडेल, आणि हाच त्या कवितेचा विषय. तो शेवटीं आला, शब्दाच्या मागून आला, आणि मुलाच्या स्वतःच्या पायांनीं आला.

येथें एक आक्षेप आम्हांस ऐकूं येत आहे. प्रत्यय आणि मात्रा हें शहरांतल्या, घरीं पुस्तकें असलेल्या मुलांचें कौतुक. पाथर्डी-शेवगांवच्या, जामखेडच्या, अकोल्याच्या डोंगरांतल्या मुलाला आधीं धड वाचतां येऊं द्या, मग हीं नाजूक कामें काढा. हा आक्षेप दयाळूपणाचा दिसतो, म्हणूनच त्याचा समाचार घेणें अधिक अवश्य आहे.

नगर जिल्ह्याचे दोन भाग पडतात. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांखालचा भाग उंसाचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना हा देशांतील आरंभींच्या सहकारी कारखान्यांपैकीं एक. पूर्वेचा आणि दक्षिणेचा भाग कोरडा. तेथलीं कुटुंबें पावसाळा सरला कीं ऊंस तोडावयास बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुलें कांहीं बरोबर जातात, कांहीं आजीपाशीं राहतात. अशा मुलाच्या वहींत शिक्षकाच्या तांबड्या रेघा अधिक असतात, कारण त्याची बोली पुस्तकाची नसते, आणि हळूहळू तें मूल भाषेच्या तासाला बोलेनासें होतें. आमच्या सगळ्या विवेचनांत खरोखर पणाला लागलेलें असें कांहीं असेल तर तें हें बोलेनासें होणें आहे.

पण या मुलाला शब्दसिद्धि येत नाहीं असें कोणीं ठरविलें? पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी, तोडणी, बांधणी हे शब्द तें चालतां-बोलतां वापरतें. धातूला णी लागला कीं कामाचें नांव होतें, हें त्याला संज्ञेवांचून ठाऊक आहे. तोच णी गाळणी-चाळणींत कामाचें साधन दाखवितो, आणि लेखणी हीहि त्यांचीच बहीण. भाताची लावणी जिनें पाहिली त्या अकोल्याच्या मुलीला, गाण्याच्या लावणीचें नांव तेंच कां, असा प्रश्न पडूं द्यावा. विद्वानांचेंहि त्याविषयीं एकमत नाहीं, तेव्हां ती मुलगी वाईट मंडळींत नाहीं. ओवी हा शब्द ओवणें या धातूपासून आला, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. मणी ओंवणाऱ्या हाताला ती समजावून द्यावी लागत नाहीं. जात्यावरच्या ओवीचें आणि नेवाशाच्या ओवीचें नांव एकच आहे, हें तर या जिल्ह्यांत प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखें आहे. घरोघरचीं जातीं पिठाच्या गिरण्यांनीं थांबविलीं खरीं, पण हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेविल्या, आणि आजीला विचारलें तर दोन-चार अजूनहि निघतात. राहुरी तालुक्यांतील ताहराबादच्या महीपतींनीं १७६२ सालीं 'भक्तविजय' लिहिला तोहि ओवींतच, आणि गांवोगांव तो वाचून ऐकविला जात आला, तो ऐकणारांनीं छंदःशास्त्र शिकलें होतें म्हणून नव्हे.

एक शब्द मात्र असा आहे कीं, तो शिक्षकानें मुलाकडून शिकावा. ऊंसतोडीच्या कामावर नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम माणसें मोजत नाहीं, कोयते मोजतो. अलंकारशास्त्राच्या पुस्तकांत लक्षणेचीं उदाहरणें म्हणून आपण अजून गंगेवरच्या गवळीवाड्याचें जुनें उदाहरण देत बसतों. आणि वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाचे आईबाप मिळून एक हत्यार झालेले आहेत. हत्याराच्या नांवानें हत्यार चालविणारीं दोन जिवंत माणसें सांगितलीं, त्यांत काय गाळलें गेलें आणि कोणाच्या सोयीसाठीं, हें ज्या मुलाला समजलें त्याला काव्याचा विषय म्हणजे काय हें निराळें शिकवावें लागणार नाहीं. परंतु त्यासाठीं शिक्षकानें त्याला तो शब्द वर्गांत उच्चारूं दिला पाहिजे, आणि शुद्धलेखनाची रेघ थोडा वेळ खिशांत ठेविली पाहिजे.

दुसऱ्या टोंकाला एक पक्ष आहे, त्याचा थोडक्यांत परामर्श घेतों. हे लोक म्हणतात, मुलांना कविता नुसती गाऊं द्या, नाचूं द्या, हातवारे करूं द्या. शब्दांची चिरफाड करूंच नका. घंटा हालली पाहिजे हें आम्हीच वर म्हटलें आहे, तेव्हां गाण्याला आमचा विरोध असण्याचें कारण नाहीं. पण बरींच 'अभिनयगीतें' अशीं असतात कीं त्यांतला कोणताहि शब्द काढून दुसरा घातला तरी हातवारे तेच राहतात! मुलाला मजा वाटते, ती हातवाऱ्यांची. खळखळ आणि झुळझुळ या दोन शब्दांतला फरक त्याच्या कानाला कळला, भादव्यांतली प्रवरा आणि चैत्रांतली प्रवरा यांचे आवाज निराळे आहेत हें त्यानें ओळखलें, तर ती काव्याची मजा. पहिली-दुसरीच्या मुलालाहि ती घेतां येते. पिवळा, पिवळसर, पिवळट हे तीन शब्द त्याच्यापुढें टाका, आणि सोनचाफ्याला कोणता व जुन्या भिंतीला कोणता हें विचारा. टकारान्त प्रत्ययाला मराठींत जो एक नाक मुरडण्याचा स्वभाव आहे, मळकट, तेलकट, काळपट या शब्दांत जो दिसतो, तो सहा वर्षांचें पोर बिनचूक ओळखतें. याला कोणी चिरफाड म्हणत असेल तर म्हणो.

आमची सूचना लहानशीच आहे. एका कवितेंत एकच शब्द उलगडावा. सगळे उलगडूं नयेत. कविता आधीं दोनदां-तीनदां म्हणून घ्यावी, मग तो शब्द सोडवावा, त्याचीं भावंडें मुलांकडून गोळा करावीं, त्याच्या जागीं दुसरा शब्द ठेवून पाहावा, आणि मूळचा परत बसवून कविता पुन्हा म्हणावी. परीक्षेच्या कागदावर संदेशाचें घर आहे तेथें 'या ओळींतील अमुक शब्द बदलल्यास काय जाईल?' असा प्रश्न घालावा. असल्या उत्तरांना गुण देणें कठीण, अशी तक्रार येईल; ती खरी आहे. ठराविक वाक्यांना गुण देणें सोपें असतें म्हणूनच तीं वाक्यें टिकून राहिलीं आहेत.

उदाहरणादाखल शेवटीं नगरच्याच एका कवीची एक जागा सुचवितों. दत्तात्रय कोंडो घाटे, म्हणजे कवि दत्त, १८७५ सालीं नगरास जन्मले आणि १८९९ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, वारले. त्यांची अंगाई जुन्या पिढीला तोंडपाठ होती. तीं गोड आहेच, पण आरंभींच मावळत्या सूर्याला त्यांनीं जी उपमा दिली आहे ती पाळण्यापाशीं सहसा ऐकूं येत नाहीं: हातचें धन निघून जाण्याची. आणि ज्याचें धन जातें त्या माणसासाठीं शब्द योजला आहे 'दुर्भाग्य'. बहुव्रीहि समास, ज्याचें भाग्य वाईट तो. येथें मुलांना विचारावें कीं, अभागी आणि दुर्भाग्य यांत फरक काय? अ लागला म्हणजे भाग्य नाहींच. दुर् लागला म्हणजे भाग्य आहे, कपाळीं लिहिलेलेंहि आहे, पण वाईट. ज्याच्यापाशीं कधीं नव्हतेंच त्याचें कांहीं जात नाहीं; जातें तें ज्याच्यापाशीं होतें त्याचें. मग ही अंगाई म्हणणारी आई पूर्वीं कशा घरांत राहत असेल, आणि हें ती झोंपणाऱ्या मुलाला कां सांगत असेल, हें मुलांना सांगूं द्यावें, आणि शिक्षकानें ऐकत बसावें.